चॅट्सवर्थची पागा

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ इथं डेव्हनशायरच्या ड्यूकांचा प्रसिद्ध वाडा आहे. वाड्याच्या ईशान्येला, चढावर, भारदस्त दगडी इमारत उभी आहे. डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक घडणीच्या खांबांचं प्रवेशद्वार, वर घराण्याचं मानचिन्ह, त्याच्या दोन्ही बाजूंना दगडात कोरलेली काळविटाएवढी नव्हे, चांगली पूर्ण आकाराची सांबरासारखी हरणं. त्यांची शिंगं मात्र खरी! त्याहून वर घड्याळाचा मनोरा. नवखा माणूस हाच वाडा समजेल. पण ही आहे पागा, 80 घोड्यांची.

चौथ्या ड्यूकना वाड्यासमोरचा देखावा मोकळा हवा होता. म्हणून जुनी पागा पाडली आणि जेम्स पेन या वास्तुविशारदानं 1758 ते 1767 या काळात ही नवी बांधली. सुमारे 190 फूट लांबी-रुंदीची चौरस इमारत, मधोमध चौक.

मला दर्शनी भागापेक्षा आतली बांधणी अधिक मोलाची वाटते, कारण तिथं प्रत्येक माप घोड्यावरून ठरतं. अशा पागांची कमान उंच ठेवायची, बग्गीवर बसलेल्या सारथ्याचं डोकं आपटू नये म्हणून. खिडक्या वर घ्यायच्या, उजेड थेट घोड्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. फरशीला उतार, म्हणजे मूत वाहून जातं आणि खूर कोरडे राहतात. गवताचा साठा बहुधा माळ्यावर असे. तिथून ते सरळ खालच्या गव्हाणीत सोडायचं. सोय खरी, पण धूळ घोड्याच्या डोळ्यांत जाई आणि खालची कोंदट हवा गवताला लागे. पुढच्या काळात जाणकारांनी या माळ्यांवर सडकून टीका केली, आणि ती रास्तच होती.

चॅट्सवर्थला वरच्या मजल्यावर धान्याची कोठारं होती, आणि तिथंच घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांच्या खोल्या. नालबंदाचं कामही याच आवारात चाले. चंदी, पाणी, खरारा, सगळं चौकातल्या घड्याळावर.

1939 साली शेवटचे घोडे इथून गेले. आता तिथं दुकानं आणि उपाहारगृह आहे. तुम्ही कधी गेलात, तर वरच्या खोल्यांची जरूर चौकशी करा. एका दारावर अजून अक्षरं रंगवलेली आहेत: ‘थर्ड पोस्टिलियन’. गाडीच्या घोड्यावर स्वार होऊन ती हाकणारा, हुद्द्यानं तिसरा. त्याचं नाव तिथं लिहिलेलं नाही.