सर्व्हर बंद असतानाही जागा असणारा संगणक

(पडद्यावर: ठाणे-बेलापूर रस्ता, खिडक्या नसलेल्या उंच इमारती)

ऐरोली, रबाळे, महापे. या पट्ट्यातल्या कितीतरी इमारतींत माणसांपेक्षा यंत्रं जास्त राहतात. आत सर्व्हरनं, म्हणजे सतत चालणाऱ्या ताकदवान संगणकांनी, भरलेल्या रॅकच्या रांगा. समोरून गार हवा शिरते, मागून गरम होऊन बाहेर पडते. पंख्यांचा आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी जावं लागतं. पण हे सर्व्हर सांभाळणारे इंजिनिअर बहुतेक वेळा इथे नसतातच. कुणी पुण्याच्या ऑफिसात असतं, कुणी नाशिकला घरी.

पूर्वी हे शक्य नव्हतं. सर्व्हर अडकला, की ट्रॉलीवर मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवून ती ढकलत रॅकपर्यंत न्यायची. ड्रायव्हरच्या सीडी शोधायच्या आणि गार हवेत कुडकुडत पडद्याकडे बघत उभं राहायचं.

(पडद्यावर: उघडा सर्व्हर, मदरबोर्डवरची एक छोटी चिप)

हे चित्र बदललं ते या चिपमुळे. हिचं नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे बीएमसी. अनेक सर्व्हरमध्ये ती तैवानच्या अ‍ॅस्पीड कंपनीची असते. एएसटी २६०० या मॉडेलमध्ये एआरएम प्रकारचे दोन कोअर, म्हणजे प्रोसेसरचे गाभे, आहेत. शेजारच्या मुख्य प्रोसेसरपुढे ही ताकद किरकोळच. पण हिची मेमरी वेगळी, नेटवर्क पोर्ट बहुधा वेगळं, ऑपरेटिंग सिस्टीमही वेगळी. आणि सर्व्हर बंद केला तरी स्टँडबाय विजेवर ही चालूच राहते. वाड्याचा मोठा दरवाजा लावून घेतला तरी त्यातल्या छोट्या दिंडी दरवाजातून ये-जा करता येते, तसा हा सर्व्हरमध्ये शिरायचा रस्ता.

डेलच्या सर्व्हरमध्ये याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोव्होमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आयपीएमआय हे मानक आणलं, तेव्हापासून निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं एका पद्धतीनं हाताळता येऊ लागली. २०१५ मध्ये रेडफिश हे नवं मानक आलं. वेबसाइट ज्या एचटीटीपीएसवर चालतात त्यावरूनच आता सर्व्हरला हुकूम देता येतो, उत्तर जेसॉन या साध्या मजकुराच्या मांडणीत मिळतं. एक स्क्रिप्ट लिहायची आणि शंभर सर्व्हरवर चालवायची.

(पडद्यावर: नवा सर्व्हर रॅकमध्ये सरकवला जातो)

नवा सर्व्हर येतो तेव्हा डेटा सेंटरमधला माणूस तो रॅकमध्ये बसवतो, विजेच्या दोन केबल आणि नेटवर्कच्या केबल जोडतो. त्याचं काम इथे संपलं. बीएमसीला नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळतो. मग दूर बसलेला इंजिनिअर आधीच तयार असलेलं कॉन्फिगरेशन प्रोफाइल त्यावर चढवतो. बायोसच्या (सर्व्हर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंग, रेडची (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची) मांडणी, बूटचा क्रम, सगळं त्या एका फाइलमध्ये. मग व्हर्च्युअल मीडियातून आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशन डिस्कची नक्कल, जोडली, की सर्व्हरला वाटतं आपल्यात डीव्हीडीच घातली आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टीम चढायला लागते. दहा सर्व्हर हातानं लावले, तर त्यातल्या एखाद्याची एखादी सेटिंग हमखास वेगळी निघते आणि तो फरक सहा महिन्यांनी भलत्याच वेळी त्रास देतो. प्रोफाइलमुळे तो फरक मुळातच पडत नाही. वेळ वाचतो हे खरंच, पण माझ्या लेखी हा फायदा त्याहून मोठा आहे.

(पडद्यावर: रात्र, लॅपटॉपवर उघडलेला रिमोट कन्सोल)

खरी कसोटी अपडेटची. बायोस, रेड कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, पॉवर सप्लाय, आणि खुद्द बीएमसी. प्रत्येकाचं फर्मवेअर, म्हणजे त्या भागातच बसवलेलं सॉफ्टवेअर, निराळं. आधी बीएमसीचं अपडेट करायचं, बाकीचं नंतर, अशी सर्वसाधारण रीत. बीएमसी रीस्टार्ट होते तेव्हा सर्व्हरवरचं काम सहसा थांबत नाही. बायोसला मात्र रीबूट लागतो. म्हणून फाइल दिवसा चढवून रांगेत ठेवायची, सर्व्हरवरची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले संगणक, शेजारच्या सर्व्हरवर हलवायची आणि ठरलेल्या वेळेत रीबूट द्यायचा. मेमरी भरपूर असेल तर सर्व्हर उठायला कित्येक मिनिटं घेतो. पडदा काळा दिसतो. नवखा माणूस इथे घाबरून पुन्हा रीस्टार्ट करतो. अनुभवी माणूस थांबतो, बीएमसीच्या लॉगमध्ये काय चाललंय ते वाचतो. काही बिघडलंच, तर आयड्रॅकसारख्या यंत्रणेत आधीची आवृत्ती जपलेली असते, तिच्यावर परत जाता येतं.

रोजची देखभाल त्यामानानं शांत असते. तापमान, पंख्यांची गती, मेमरीतल्या दुरुस्त झालेल्या चुका, सगळ्यावर बीएमसीची नजर. एकाच स्लॉटमधून चुका वाढू लागल्या, की मेमरी पूर्ण निकामी व्हायच्या आधी बदलायची. दुरून एक कमांड दिली की त्या सर्व्हरचा निळा दिवा लुकलुकतो आणि शेकडो एकसारख्या डब्यांमधून तंत्रज्ञ बरोबर त्याच्यापाशी पोचतो.

(पडद्यावर: लॉगिनची चौकट)

आता धोक्याचं. इतके अधिकार ज्या चिपकडे, ती चुकीच्या हाती पडली तर? २०१७ मध्ये आयएलओ ४ मधली एक त्रुटी उघड झाली. वेब विनंतीसोबत जाणाऱ्या एचटीटीपीच्या एका हेडरमध्ये इंग्रजी ए हे अक्षर २९ वेळा पाठवलं, की पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. डिसेंबर २०२१ मध्ये इराणच्या अम्नपर्दाझ कंपनीनं आयएलओमध्ये दडून बसलेलं एक रूटकिट, म्हणजे लपून राहणारं घातक सॉफ्टवेअर, जगासमोर आणलं. इंजिनिअर फर्मवेअर अपडेट करायचा, हे रूटकिट ते अपडेट रोखायचं आणि झालं असं भासवायचं. डिस्क पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं टाकली तरी ते तिथेच राहणार, कारण ते डिस्कवर नव्हतंच.

म्हणून बीएमसीचं नेटवर्क वेगळं ठेवतात आणि तिथे व्हीपीएनमधूनच, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीतूनच, जातात. ते इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. डेलचा जुना ठरलेला पासवर्ड साऱ्या जगाला पाठ होता. आता यंत्राबरोबरच्या पट्टीवर प्रत्येकाचा निराळा पासवर्ड छापून मिळतो, आणि तोही पहिल्याच दिवशी बदलायला हवा. इतकं असूनही कितीतरी ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टीमला दर महिन्याला दुरुस्तीचा पॅच मिळतो आणि बीएमसी वर्षानुवर्षं तशीच राहते. हे बदलायलाच हवं.

सर्व्हर भंगारात किंवा विक्रीला जाताना डिस्क पुसण्याची काळजी सगळे घेतात. पण बीएमसीतसुद्धा पासवर्ड, नेटवर्कचे पत्ते, ओळख पटवणारी सर्टिफिकेट साठलेली असतात. ती पुसण्याची सोय या यंत्रणांमध्येच दिलेली आहे. ते पुसून झालं, की मगच केबल काढायच्या आणि सर्व्हर रॅकमधून उतरवायचा.