उवेचा निरोप, डासाची हेरगिरी

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापला आहे : अमेरिकेतले तरुण लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे, सुपरहिरो आणि त्यांचा मेक्सिको-ग्वातेमालाचा वारसा. त्याकडे येतोच. पण त्याआधी 'पोपोल वुह'मधली जुळ्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

हा ग्वातेमालातल्या किचे माया लोकांचा ग्रंथ. १८व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्र्याने तो उतरवून घेतला. ती प्रत आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. त्यातले हुनाहपू आणि श्बालान्के हे दोन पोरगे. त्यांच्या चेंडूच्या खेळाचा दणदणाट खाली शिबाल्बात, म्हणजे पाताळात पोचतो आणि तिथले राजे चिडून बोलावणं धाडतात. याच राजांनी जुळ्यांच्या बापाचा आणि काकाचा जीव घेतलेला.

निरोप येतो आजीकडे. नातवंडं मैदानावर. मग आजी काय करते? उवेला पाठवते! उवेला बेडूक गिळतो, बेडकाला साप, सापाला ससाणा. ससाणा मैदानावर पोचल्यावर एकेकाने पोटातलं ओकायचं. बेडूक ओकतो ओकतो, पण ऊ काही निघेना. बघतात तर ती त्याच्या दातांतच अडकलेली. हसा, मोकळेपणी हसा, ही गोष्ट हसण्यासाठीच रचली आहे.

पुढची गंमत अधिक मोलाची. शिबाल्बाच्या दरबारात पुढे लाकडी बाहुले बसवलेले. बापाने त्यांनाच राजे समजून रामराम केला होता आणि सगळा दरबार खदखदून हसला होता. पोरांनी मात्र आधी डास सोडला. लाकूड काही ओरडलं नाही. खरे राजे ओरडले, शेजारच्याने 'काय झालं रे अमक्या?' म्हणून विचारलं आणि बघता बघता सगळ्यांची नावं बाहेर पडली. हे राजे म्हणजे कोण? कुणी अंगावर सूज आणणारा, कुणी पू करणारा. पोरांनी एकेकाला नावानिशी हाक मारली आणि दरबाराची दहशत तिथेच निम्मी झाली.

आता माझी तक्रार. आपल्या मुलांच्या पुस्तकांत माया आणि मेक्सिकोतले अझ्टेक हे लोक येतात ते फक्त पिरॅमिडवर काळीज काढणारे म्हणून. नरबळी होता, तो मी झाकत नाही. पण अझ्टेकांच्या तेनोच्तित्लान या राजधानीत तळ्यात गाळ रचून केलेली शेतं होती, चापुल्तेपेकच्या टेकडीहून नळाने येणारं पाणी होतं, सामान्यांच्या मुलांसाठी तेल्पोच्काली नावाच्या शाळा होत्या. या मुलखाचा मका आपण भाजून खातो, मिरचीवाचून आपलं पान हलत नाही, घोलवडचा चिकूही मूळचा तिकडचाच. आणि त्यांच्या एका वीराचं नाव आपल्या पोरांना ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

१९८५च्या भूकंपात मेक्सिको सिटीत हजारो कुटुंबं बेघर झाली. भाडेकरूंच्या चळवळीतून १९८७ साली लाल-पिवळ्या वेशातला मुखवटाधारी 'सुपरबार्रिओ' उभा राहिला. त्याला उडता येत नव्हतं. कुणाला घराबाहेर काढत असले की हा दारात हजर, भोवती वस्ती जमलेली. हा जिवंत माणूस होता, कागदावरचा नव्हे.

१९९८ साली कॅलिफोर्नियात हाविएर हर्नांदेस यांनी 'एल मुएर्तो' हा कॉमिक स्वतःच छापला : मृतांच्या उत्सवाला निघालेला तरुण दिएगो, अझ्टेक मृत्युदेव त्याला उचलून नेतात आणि तो शक्ती घेऊन परततो. २००६ साली डीसी या अमेरिकी कॉमिक कंपनीने टेक्सासमधल्या एल पासोचा पोरगा हायमे रेयेस याला आपला सुपरहिरो 'ब्लू बीटल' केला. तो गुपित घरच्यांपासून लपवत बसत नाही, हे मला फार आवडतं. २०२३च्या चित्रपटात तर घर हातचं चाललेलं अख्खं कुटुंब, आजीसकट, लढाईत उतरतं.

माझं म्हणणं इतकंच, की एकटा, अनाथ, गुपित जपणारा वीर हा या पोरांचा साचा नव्हे. त्यांचं बळ आजी, वस्ती आणि शत्रूचं नाव हुडकून काढण्याची अक्कल यांत आहे. म्हणूनच हायमेची शक्ती परग्रहावरच्या भुंग्यातून यावी हे मला खटकतं. रेयेस कुटुंबाचं मूळ मेक्सिकोतलं. तिकडच्या देवादिकांच्या आणि पाताळाच्या गोष्टी हाताशी असताना लेखकांना परग्रहावर जायची गरज काय होती?