रात्री जागणारे खरंच बेधडक असतात का?

फासा टाकायचा आणि किती पडले ते आपणच सांगायचं. आकडा मोठा, तर बक्षिसाची संधी मोठी. तपासायला कुणी नाही.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हा खेळ काहींना सकाळी खेळायला लावला, काहींना मध्यरात्री. कोंबडं आरवायच्या आत उठणारी शहाणी माणसं मध्यरात्री जास्त थापा मारताना दिसली. रात्र जागवणाऱ्यांचा तोल गेला तो सकाळी.

म्हणजे प्रश्न माणसाचा की वेळेचा?

सर्वेक्षणं मात्र रात्रवाल्यांकडेच बोट दाखवतात. सिगारेट, दारू, उतावळेपणा, सगळ्यात त्यांचं पारडं जड. ‘लवकर नीज’ म्हणून कानीकपाळी ओरडणाऱ्या पालकांना याहून मोठा पुरावा कशाला हवा!

पण झोप-जागेची वेळ ठरवणारं मेंदूतलं घड्याळ शिस्तीनं घडत नाही. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातला सुमारे 20,000 पेशींचा पुंजका ते चालवतो. त्याची वेळ ठरण्यात जनुकांचाही हात असतो. शिवाय पौगंडावस्थेत हे घड्याळ मागे पडत जातं, साधारण विशीपर्यंत. धाडसाचं वयही तेच! त्यामुळे तरुणाच्या बेफिकिरीत वय किती आणि जागरण किती, हे वेगळं काढणं सोपं नाही.

फिनलंडमध्ये 1981 साली सुमारे 24,000 जुळ्यांना विचारलं होतं: तुम्ही सकाळचे की रात्रीचे? पुढे 37 वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पक्क्या रात्रवाल्यांत मृत्यूचा धोका 9 टक्क्यांनी जास्त निघाला. मग संशोधकांनी तंबाखू आणि दारूचा हिशेब वेगळा केला, आणि ती वाढ जवळपास नाहीशी झाली. सिगारेट न ओढणाऱ्या, बेतानं पिणाऱ्या रात्रवाल्यांना जास्तीचा धोका नव्हताच.

मग ही व्यसनं रात्रवाल्यांनाच जास्त का चिकटतात? म्युनिकचे झोप-संशोधक टिल रोनेबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 मध्ये एक धागा पकडला. कामाच्या दिवशीची झोप आणि सुट्टीच्या दिवशीची झोप यांच्या वेळांतली तफावत म्हणजे ‘सोशल जेटलॅग’. ती जितकी मोठी, तितकं धूम्रपानाचं प्रमाण जास्त. जग सकाळच्या वेळापत्रकावर चालतं. रात्रवाला अलार्मनं उठतो, आठवडाभर झोपेची उधारी साठवतो. आणि झोप अपुरी असली की मोह आवरणं अवघड जातं.

मला हा धागा पटतो, पण त्याला दुसरं टोकही आहे. सिगारेटमधलं निकोटीन स्वतःच झोप उडवतं. तेव्हा आधी जागरण की आधी सिगारेट, हे नुसत्या या आकड्यांवरून सांगता येत नाही.