भिंतीवरचं बिऱ्हाड
(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी ही वाळकी काटकी पहिल्या रांगेत देतो. सोबत भिंग आहे आणि ड्रॉपर आहे. काटकीला राखाडी, चुरगळलेल्या कागदासारखं काहीतरी चिकटलंय, त्यावर दोन-तीन थेंब पाणी सोडा, भिंगातून बघा आणि मागे सरकवा. भिंग परत हवंय. मागच्या व्याख्यानात एक गेलं, ते गेलंच.

तर हे दगडफूल. पाठ्यपुस्तकात शैवाक, प्रयोगशाळेत लायकेन. मला दगडफूलच आवडतं, कारण एवढ्याशा शब्दात दोन चुका आहेत. दगड नाही आणि फूल तर नाहीच नाही. बुरशीच्या धाग्यांचं विणकाम आणि त्यात अडकवलेल्या शैवालाच्या हिरव्या पेशी, असा हा कारभार. जगात अशा जाती वीसेक हजार.

विषय ठरलाय ‘दगडफुलाकडून माणसाने काय शिकावं’. मी तीन मुद्दे कबूल केलेत. येतो त्यांच्याकडे. पण आधी एक तक्रार मांडू द्या, नाहीतर मुद्दे नीट निघायचे नाहीत.

तक्रार अशी की दगडफुलाचं आपण लग्नातलं भाषण करून टाकलंय. बुरशी घर देते, शैवाल स्वयंपाक करतं, दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. मीही हे वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं. एका भाच्याच्या लग्नात माईक हातात आला, तेव्हा तिथेही सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढच्याच आठवड्यात वर्गात एका मुलीने विचारलं, ‘सर, दोघांचा संसार आहे, मग शास्त्रीय नाव एकट्या बुरशीचं का?’ खरंच आहे. नामकरणाच्या नियमांप्रमाणे दगडफुलाचं नाव म्हणजे त्यातल्या बुरशीचं नाव. स्वयंपाक कुणीही करो, दारावरची पाटी बुरशीची. भाच्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

ज्याने हे दोन जीव आहेत असं पहिल्यांदा ठासून सांगितलं, त्या सिमोन श्वेन्डेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या डोक्यात तर लग्नबिग्न काही नव्हतंच. १८६७ साली त्याने ही कल्पना मांडली आणि दोन वर्षांनी सविस्तर लिहिली. त्याच्या मते बुरशी म्हणजे धनी आणि शैवाल म्हणजे हिरवे गुलाम. कोळी भक्ष्याला गुंडाळतो तशी बुरशी त्यांना जाळ्यात धरते. फरक एवढाच की कोळी शोषून टाकून देतो, ही मात्र त्यांना जास्त कामाला लावते. यावर दगडफुलांचे जाणकार असे भडकले की विचारू नका. जेम्स क्रॉम्बीने टिंगल केली, म्हणे कैदेतली शैवाल-कन्या आणि जुलमी बुरशी-धनी यांचा हा काय अनैसर्गिक संबंध! त्यांच्या आयुष्यभराच्या लाडक्या वनस्पतीला कुणी ‘दोन भलत्याच जिवांची भानगड’ म्हणत होतं, झोंबणारच. विल्यम नीलँडरनेही शेवटपर्यंत मानलं नाही. हा नीलँडर लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता भिंत. मी शिकवत होतो त्या संस्थेच्या मागे एक जुनी दगडी भिंत होती. नळ गळायचा त्या टोकाला शेवाळ आणि गवत, मजेत. मधल्या कोरड्या, उन्हात तापणाऱ्या दगडांवर मात्र दुसरं काही तग धरत नव्हतं आणि तिथेच दगडफुलं होती. चपटी, दगडाला पापुद्र्यासारखी चिकटलेली, नकाशातल्या बेटांसारखी. त्यातलं एक बेट मी निवडलं. दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद धरायचा, दगडातल्या दोन खुणांशी जुळवायचा आणि कडेने पेनने रेघ ओढायची. पहिल्या वर्षी रेघेबाहेर रेघ निघालीच नाही, शाईच्या जाडीतच वाढ संपली. दुसऱ्या वर्षापासून बारीक टोकाचं पेन घेतलं. सहकारी विचारायचे, ‘काय, वाढलं का?’ मी म्हणायचो, ‘थांबा, घाई कसली.’ नऊ वर्षांत सगळ्या रेघा मिळून करंगळीच्या नखाएवढी रुंदी झाली. त्या काळात माझ्या दोन बढत्या हुकल्या, पण बेट वाढत होतं.

दहाव्या वर्षी तपासणी समिती यायची होती. मी सुट्टीवरून परतलो तेव्हा भिंत पांढरीफटक. आधी अ‍ॅसिड, मग तारेचा ब्रश, वरून रंग. वरिष्ठांना विचारलं तर म्हणाले, ‘अहो, किती घाण साचली होती!’ अख्ख्या प्रकरणात दगडफुलाची किंमत एकाच माणसाने ओळखली, ज्याने ते घासलं त्याने. मला म्हणाला, ‘सर, घाण अशी बसत नाही. हे आत गेलेलं आहे.’ बरोबर होतं त्याचं. बुरशीचे धागे दगडाच्या कणांमधून आत शिरतात. वनस्पतिशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाचं हे निरीक्षण. समितीने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

घाण म्हणे! १८६६ साली याच नीलँडरने पॅरिसमध्ये पाहिलं की लक्झेंबर्ग बागेत दगडफुलं आहेत आणि शहरात इतरत्र ती दिसेनाशी झाली आहेत. त्याने अंदाज केला, हवा बिघडली. दगडफुलाला मुळं नसतात, साल अशी जलरोधक नसते, हवेतून आणि पावसातून येईल ते सगळं आत. म्हणून धुरातल्या गंधकाने बहुतेक जाती आधी मरतात. म्हणजे भिंतीवर ती असणं हेच हवेचं प्रशस्तिपत्रक. आम्ही ते समितीसाठी ब्रशने खरवडून काढलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं. तीन मुद्दे होते ना, पटापट घेतो.

पहिला. व्हर्नन अहमाजियान या अमेरिकन संशोधकाने बुरशी आणि शैवाल वेगवेगळे वाढवून पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला. दोघांना भरपूर खाऊपिऊ घातलं, तर जमेना. पोट भरलेली बुरशी शैवालाकडे ढुंकून पाहत नाही. अन्न तोडलं, हळूहळू सुकवत नेलं, तेव्हा कुठे दगडफूल आकाराला येऊ लागलं. माझ्या भिंतीवर नळाच्या टोकाला काय होतं आणि कोरड्या दगडावर काय, आठवा. आणि अशा अडचणीत जुळलेलं किती टिकतं? २००५ साली युरोपीय अवकाश संस्थेने दोन जातींची दगडफुलं रशियन यानातून वर नेऊन सुमारे पंधरा दिवस उघड्या अवकाशात ठेवली. परत आल्यावर ती पुन्हा प्रकाशसंश्लेषण करू लागली.

दुसरा. यात प्रेम किती, हिशेब किती? बुरशी काही ठिकाणी शैवालाच्या पेशीत चक्क धागा खुपसते, काही पेशी मरतात. हिरवं शैवाल बुरशीला जी साखर देतं ती बुरशीच्या सहवासात भळाभळा गळते. शैवाल बाजूला काढलं की थोड्याच वेळात गळती बंद. पण हेही खरं की दगडफुलातलं सर्वात नेहमीचं शैवाल, ट्रेबॉक्सिया, बाहेर एकटंदुकटं क्वचितच सापडतं. उघड्या खडकावर त्याला नेलं ते धन्यानेच. आन्टोन द बारीने १८७८ साली ‘सहजीवन’ ही संज्ञा रुजवली तेव्हा वेगळ्या जिवांनी एकत्र राहणं एवढाच तिचा अर्थ होता, परजीवीही त्यात धरलेले होते. गोडवा आपण नंतर घातला.

तिसरा, हा खरं तर तासाभराचा विषय. जवळजवळ दीडशे वर्षं सगळे ‘दोघं, दोघं’ म्हणत होते. २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कित्येक दगडफुलांच्या सालीत आणखी एक बुरशी, यीस्टच्या रूपात, राहते. काहींत नत्र धरणारे नील-हरित जीवाणू वेगळ्या गाठींत असतात, शिवाय इतर जीवाणू आहेतच. तेव्हा भाच्याच्या लग्नातलं माझं भाषण माणसं मोजण्यातही चुकलं होतं.

दुसरी चिठ्ठी. हो, हो, संपवतो. काटकी कुठवर पोचली? सातव्या रांगेत? हिरवी झालीय ना! रंग उगवला नाहीये, पाण्याने वरची साल पारदर्शक झाली आणि खालचं शैवाल दिसायला लागलं. आता पिशवीत कोंबू नका, ओली कोंडली तर मरेल, उघड्यावर वाळू द्या.

आणि भिंग? भिंग कुणाकडे आहे?