परवानगी एकाची, आवाज सगळ्यांचा

टीव्हीशेजारी ठेवलेल्या, बोलून दिलेल्या सूचना पाळणाऱ्या ॲमेझॉनच्या या गोल ‘एको’ स्पीकरचा मायक्रोफोन अखंड चालू असतो, कारण ‘अलेक्सा’ ही ठरलेली हाक ओळखायची तर त्याला सतत ऐकत राहावेच लागते. या टप्प्यावर आवाज घराबाहेर जात नाही. शेवटच्या काही सेकंदांचे बोलणे यंत्रातच तपासले जाते आणि नव्या आवाजाने जुना पुसला जातो. हाक आली असे यंत्राने ठरवले, की निळा दिवा उजळतो आणि त्यानंतरचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊ लागते.

यंत्राचा हा निर्णय चुकू शकतो. जर्मनीतील बोखुमच्या रूर विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे हजाराहून अधिक शब्दप्रयोग शोधून काढले, की जे ऐकून वेगवेगळ्या कंपन्यांचे आवाजी सहायक, म्हणजे अशा स्पीकरमधून बोलणारी संगणकीय प्रणाली, हाक नसतानाही जागे होत होते. बातम्यांमध्ये रोज कानांवर पडणारा ‘इलेक्शन’ हा शब्द ॲमेझॉनच्या अलेक्सा या सहायकाला जागे करू शकत होता.

अशा चुकीतून काय घडू शकते, हे अमेरिकेतील पोर्टलंड शहरातल्या एका दांपत्याने २०१८ मध्ये अनुभवले. घरात लाकडी फरशीविषयी चाललेले त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित झाले आणि पतीच्या हाताखाली काम करणाऱ्या, सिएटलमधील एका व्यक्तीला परस्पर पाठवले गेले. ॲमेझॉनने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, संभाषणातील एका शब्दामुळे स्पीकर जागा झाला, पुढच्या बोलण्यात त्याला निरोप पाठवण्याची सूचना ऐकू आली, ‘कोणाला?’ असे त्याने विचारले, तेव्हा गप्पांमधूनच त्याला एक नाव मिळाले, आणि ते नाव बरोबर आहे ना, या प्रश्नाचा होकारही त्याने त्याच गप्पांतून उचलला. चार वेळा चुकीचे ऐकूनही यंत्राच्या हिशेबी सारे रीतसर झाले होते.

सर्व्हरवर पोहोचलेला आवाज नेहमी केवळ संगणकच ऐकतो, असेही नाही. सहायकाला माणसांचे बोलणे अधिक अचूक कळावे, यासाठी काही ध्वनिमुद्रणे माणसांकडून ऐकवून लिहून घेतली जातात, ही बाब २०१९ मध्ये ॲमेझॉन, गुगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांबाबत उघड झाली. त्या जुलैमध्ये बेल्जियममधील व्हीआरटी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी गुगलची हजाराहून अधिक ध्वनिमुद्रणे ऐकली, तेव्हा त्यांपैकी १५३ मुद्रणे कोणीही हाक न देता झालेली आढळली. त्यांत शयनगृहातले बोलणे होते, आईवडील आणि मुलांमधले संवाद होते, भांडणे होती. एकूण मुद्रणांपैकी सुमारे ०.२ टक्केच तज्ज्ञांकडून ऐकली जातात, असे गुगलचे म्हणणे होते. पण ज्या घरातले भांडण त्या ०.२ टक्क्यांत आले, त्या घराला या टक्केवारीचा काय दिलासा?

मुलांच्या बाबतीत हे प्रकरण अधिक गंभीर होते. ॲमेझॉनने मुलांची ध्वनिमुद्रणे अनिश्चित काळ साठवून ठेवली आणि पालकांनी ती पुसण्याची विनंती केल्यानंतरही त्यांचा लिखित मजकूर सर्व ठिकाणांहून काढला नाही, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने केला. मे २०२३ मध्ये कंपनीने अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. आवाज पुसला तरी त्याचा मजकूर मागे राहू शकतो, हे या प्रकरणामुळे सामान्य ग्राहकाला स्पष्टपणे कळले.

भारतात एको स्पीकर ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला होता. आपल्या घरांत हा अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्पीकर सुरू करताना अटींना संमती देतो तो खातेधारक, बहुधा घरातला एकच जण. आवाज मात्र आजीचा जातो, शेजारून साखर मागायला आलेल्या काकूंचा जातो, मोबाइलवर आपल्या घरच्या अडचणी सांगणाऱ्या कामवाल्या ताईंचाही जातो. त्यांना कोणी विचारलेले नसते, आणि निळा दिवा लागला तर त्याचा अर्थ काय, हेही कोणी सांगितलेले नसते. पाहुण्यांना घरातल्या कुत्र्याविषयी आपण दारातच सावध करतो. तेवढी सूचना या स्पीकरविषयीही द्यायला हवी.

खातेधारकाच्या हातात काही गोष्टी आहेत. एकोवरील मायक्रोफोनचे बटण दाबले, की लाल दिवा लागतो आणि ऐकणे थांबते. ॲपमध्ये ‘अलेक्सा प्रायव्हसी’ या भागात साठलेली मुद्रणे ऐकता येतात, पुसता येतात आणि ठरावीक मुदतीनंतर ती आपोआप पुसली जावीत, अशी व्यवस्थाही करता येते. पण निवडीची ही मुभा शेवटी कंपनीच्या मर्जीवर असते: काही मोजक्या एको यंत्रांवर, ध्वनिमुद्रण कंपनीकडे न पाठवता आवाजावरची प्रक्रिया यंत्रातच करण्याची सोय अमेरिकेतील ग्राहकांना होती, ती ॲमेझॉनने २८ मार्च २०२५ पासून बंद केली.

म्हणूनच कायद्याचे बंधन आवश्यक ठरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते, आणि संमतीची सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. ती सूचना मराठीत समोर येईल, तेव्हा तिच्यात खातेधारकाखेरीज इतरांच्या आवाजाविषयी काय लिहिले आहे, हे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावे आणि कामवाल्या ताईंनाही वाचून दाखवावे.