आयर्विनला किती झाले की माल हलवायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

जुलैच्या अखेरीला सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ वर गेली की धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण व्यापारी मंडळींना, गोदामवाल्यांना आणि नवीन गाळा घ्यायला निघालेल्यांना मी आज त्याच्या पुढचं विचारणार आहे. आयर्विनला किती फूट झाले की पाणी तुमच्या उंबऱ्याला लागतं?

बहुतेकांकडून उत्तर येतं, ‘मागच्या वेळी आलं नव्हतं हो.’ या मागच्या वेळेच्या भरवशानं आपल्या बाजारपेठेचं फार नुकसान केलंय. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. तीच हद्द धरून लोकांनी माल त्याच्या हातभर वर रचायला सुरुवात केली. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं आणि वर रचलेलाही माल भिजला. २०२१ ला नदी पुन्हा ५० च्या पुढे होतीच.

हरिपूरची पेवं आठवा. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती घट्ट माती. त्यात खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस अशी पेवं. तोंड बंद केलं की हवा नाही, कीड नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत माणूस खाली उतरत नसे, इतकं त्या लोकांना आपल्या जागेचं ज्ञान होतं. त्याच पेवांत २००५ च्या पुरानं पाणी शिरलं आणि हळद नासली. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, तरी तो तोवर आलेल्या पाण्यापुरताच होता. म्हणून मी म्हणतो, आठवणीच्या जोडीला मोजलेला आकडा हवाच.

हे आकडे आपल्याला फुकट मिळतात. आपल्याकडचा पूर आपल्या पावसानं येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच वेळी आपल्या जिल्ह्यातलं जत, आटपाडी टँकरची वाट बघत असतं. तेव्हा गणपती पेठेत ऊन पडलंय यावर विसंबू नका. जलसंपदा विभागाचं पूरपत्रक वाचताना आधी कोयनेचा विसर्ग बघा, मग कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी आणि शेवटी आयर्विन. वरच्या पुलांवर पाणी झपाट्यानं चढत असेल तर तेच पाणी तुमच्याकडे निघालेलं आहे, आणि ते पोचेपर्यंतचा वेळ तुमच्या हातात आहे.

आता उंबऱ्याचा आकडा काढायचा कसा? २०१९ आणि २०२१ चे फोटो तुमच्या नाहीतर शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये असतील. फोटोवर तारीख आणि वेळ असते. पायरीला पाणी लागलेला फोटो शोधा आणि त्या वेळी आयर्विनला किती होतं ते जुन्या पत्रकात किंवा वर्तमानपत्रात बघा. हा झाला तुमचा आकडा. समजा तो ४६ निघाला, तर माल ४० लाच हलला पाहिजे. ४४ ला टेम्पो मिळत नाही, हमाल मिळत नाहीत, आणि मिळाले तर मागतील तो भाव द्यावा लागतो.

नवी जागा घेत असाल तर एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे २५ वर्षांत सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. ‘२५ वर्षांत एकदा’ ऐकून निवांत होऊ नका. त्याचा हिशेब असा, की दर वर्षी ४ टक्के शक्यता. १० वर्षांचं कर्ज काढून निळ्या रेषेवर गोदाम घेतलंत, तर कर्ज फिटायच्या आत तिथवर पाणी येण्याची शक्यता जवळपास तीनात एक आहे. भाडं स्वस्त का आहे, याचं उत्तर पुष्कळदा इथंच असतं.

विम्याचंही तसंच. ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या उद्योगांसाठी २०२१ च्या एप्रिलपासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे, आणि तिच्यात पूर धरलेला आहे. पण विमा मालाच्या खऱ्या किमतीचा उतरवा. २० लाखांच्या मालावर १० लाखांचाच विमा असला आणि ८ लाखांचं नुकसान झालं, तर हातात साधारण ४ लाखच पडतात, कारण विमा निम्म्या किमतीचा म्हणून भरपाईही निम्मीच. हप्त्यात वाचवलेले चार पैसे असे जातात, आणि हे पूर ओसरल्यावर कळलं की माणूस खचतो. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हे आधी कळण्यासारखं असतं.

एक काम मात्र एकट्यानं करू नये. पेठेतल्या व्यापारी संघटनांनी मे महिन्यातच एक सर्व्हेअर लावून गल्लीतल्या सगळ्या उंबऱ्यांची उंची मोजून घ्यावी. एका दुकानाचा आकडा पक्का असला की शेजारच्या पन्नास दुकानांचे आकडे त्यावरून मांडता येतात. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याच्याकडे पहिला टेम्पो जाईल, हे तेव्हाच ठरवून टाका.

नमस्कार.