अंधार बघायला आलेली माणसं

[दृश्य : पहाट. पेंच व्याघ्र प्रकल्पाचं सिल्लारी फाटक. जिप्सींची रांग, टपरीवरच्या चहाची वाफ.]

सकाळची फेरी संपवून गाडी बाहेर येते, तेव्हा फाटकावर थांबलेल्यांचा प्रश्न एकच असतो. "दिसला का?" काय दिसला, हे सांगावं लागत नाही. मान होकारार्थी हलली तर फेरी वसूल. नाही हलली तर पैसे पाण्यात.

पर्यटनाचा अभ्यासही बरीच वर्षं जवळपास असाच चालला. किती आले, कुठून आले, किती रात्री राहिले, खर्च किती, समाधान पाचपैकी किती. अर्ज भरून घ्यायचे आणि बेरीज करायची. अलीकडे अभ्यासक वेगळंच विचारू लागलेत. माणूस घरी काय घेऊन जातो? सहा महिन्यांनी त्याला काय आठवतं? कुणी पर्यटकाच्याच हातात कॅमेरा देतात, तुम्हाला वाटेल ते टिपा म्हणतात. कुणी रोजनिशी लिहायला लावतात.

[दृश्य : पेंच नदीचं पात्र. हात धुणारी माणसं, पाण्यातली बोटं जवळून.]

या अभ्यासात एक जुना प्रयोग हमखास निघतो. त्याचा पर्यटनाशी काडीचा संबंध नव्हता. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना गार पाण्यात हात बुडवायला लावले. एकदा १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, पण त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. पुन्हा कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. त्रास जास्त वेळ, पण शेवट जरा बरा! आठवण घड्याळ लावून बसत नाही. ती टोकाचा क्षण धरते आणि शेवट धरते.

आता सफारीचा शेवट आठवा. फाटक बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून पळवलेली गाडी, आणि डोळ्यांत धूळ.

[दृश्य : संध्याकाळ. गावातला विजेचा खांब. शिडीवर चढलेला माणूस, दिव्याची टोपी.]

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने त्यानंतरची रात्र हाती घेतली. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला 'डार्क स्काय पार्क' म्हणून, म्हणजे रात्रीचा अंधार राखून ठेवलेली जागा म्हणून, मान्यता मिळाली. भारतातलं ते पहिलं, आशियातलं पाचवं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलावे लागले. दिवा असा हवा की उजेड रस्त्यावर पडेल, आभाळात जाणार नाही. रंगही पिवळसर हवा. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा चढेल तसा उजेड पांढरा होतो; ३००० केल्विनच्या वरचा पांढरा झगमगाट चालत नाही. बघा, टोपी नसलेला दिवा निम्मा उजेड वटवाघळांना देतो, आणि बिल मात्र ग्रामपंचायत भरते.

[दृश्य : पडदा काळा.]

तुमचा मोबाईल बिघडलेला नाही. ही वाघोली तलावाजवळची चैत्रातली अमावस्या आहे.

"टॉर्च खाली धरा जी, भाऊ. डोळ्याले सवय होऊ द्या."

आमच्या गाईडताईंच्या टॉर्चवर लाल जिलेटीन आहे, रबरबँडने बसवलेलं. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिथरत नाहीत. सराव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, आणि कुणी एकाने मोबाईल उघडला की सगळ्यांची मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. आमच्या चमूत तो मान माझा.

"थे पहा, बुढीची खाट. चार पाय दिसते ना? अन् मांगं तीन चोर. रोज रातच्याले येते, पण खाट काही हाती लागत नाही."

शाळेत ज्याला आपण सप्तर्षी म्हणून शिकलो, ते हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांमध्ये फिरून तिथलं आभाळ नोंदवलं. २०१३ साली ते छापून आलं. त्यातही खाट आहे, तीन चोर आहेत. मृगात नांगर आहे. शेती करणाऱ्याने वर पाहिलं आणि घरातली, वावरातली अवजारंच टांगून ठेवली. दुर्बीण लावून शनीची कडी दाखवणं कुठेही जमेल. ही खाट दाखवायला इथलं माणूस लागतं, आणि तिकिटाच्या पैशांत त्या माणसाचा वाटा किती असावा, हे अर्जात विचारलेलं मी अजून पाहिलं नाही.

पिकाची जागल करणाऱ्याला हाच अंधार जड जातो, आणि मोहफुलं वेचायला झुंजुमुंजूला निघणाऱ्या बायांनाही. तिकडचं चित्रण या वेळी झालं नाही.

[दृश्य : लाल उजेडात एक लहान तळहात.]

नागपूरहून आलेल्या एका मुलीने बॉलपेनने तळहातावर सात ठिपके काढले. हात आभाळाशी धरून ताडून पाहिले. ताईंनी वाकून बघितलं.

"मधल्या चोराजवळ एक बारीक आहे, थो राहिला."

मुलीने डोळे बारीक केले. बराच वेळ गेला. मग तिने पेन पुन्हा उघडलं.